मैत्रीचा खर्च तुरीच्या भावातून नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील मोंढ्यांत नव्या तुरीची आवक सुरू झाली की आयातीवर बोलणे सुरू होते आणि ते बहुतेक वेळा एकाच मागणीपाशी येऊन थांबते: परदेशी तूर बंद करा. मी स्वतः औसा तालुक्यात सोयाबीनच्या पट्ट्यात तूर घेतो, आणि तरीही ही मागणी मला अर्धवट वाटते. ज्या आयातीवर आपण चिडतो ती निव्वळ व्यापाऱ्यांची करामत नाही. तिच्यामागे भारत सरकारने समुद्रापलीकडच्या देशांना दिलेले लेखी शब्द आहेत. मोझांबिककडून वर्षाला २ लाख टन तूर, मलावीकडून ५० हजार टन, आणि म्यानमारकडून १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद, असे हे करार २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी झाले आणि त्यांची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत ठरली. ते पुढे चालवायचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न परराष्ट्र आणि वाणिज्य खात्यांचा मानला जातो. त्याची किंमत मात्र ज्या मोंढ्यात मोजली जाते तेथून कोणी त्यावर सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हे पत्र.

मोझांबिकशी पहिला करार झाला तो काळ आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली, २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान नरेंद्र मोदी मोझांबिकची राजधानी मापुतो येथे गेले असता डाळींच्या खरेदीचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि दरवर्षी थोडे वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन, असे त्याचे स्वरूप होते. देशात तूर नव्हती, ताटातली डाळ पातळ झाली होती, तेव्हा या कराराला नावे ठेवण्याचे कारण नव्हते आणि मीही ती ठेवत नाही.

अडचण अशी झाली की करारावर सह्या होत होत्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे पाऊस चांगला लागला होता आणि आदल्या वर्षीचा भाव पाहून शेतकऱ्याने मिळेल त्या शिवारात तूर पेरली होती. २०१५-१६ मध्ये देशातले तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टन होते. २०१६-१७ मध्ये ते ४८ लाख टनांच्या वर गेले. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, आणि मोंढ्यात सौदे चार हजारांच्या खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. आमच्या भागातील एका केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. माल उघड्यावर, वरून अवकाळीची भीती, म्हणून घरटी एक माणूस ट्रॉलीखाली अंथरूण टाकून राखणीला झोपत होता. ज्यांच्याकडे थांबायला दम नव्हता त्यांनी आडतीवर माल घातला आणि मिळेल ते घेऊन घर गाठले. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, आणि मोझांबिकला दिलेला शब्द तेवढा त्या मर्यादेबाहेर ठेवला. तोपर्यंत लहान शेतकऱ्याची तूर विकून झाली होती.

मर्यादेच्या आधी, मार्च २०१७ मध्ये, सरकारने तुरीवर १० टक्के आयातशुल्क लावले होते. आपल्याकडील शेतकरी नेत्यांची आजही पहिली मागणी शुल्क वाढवण्याचीच असते, म्हणून याविषयी थोडे खुलासेवार लिहितो. २००८ साली दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद भरली आणि तीत तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कमाफी देण्याची योजना जाहीर केली. मोझांबिक, मलावी, टांझानिया आणि म्यानमार हे तुरीचे मोठे विक्रेते त्याच वर्गात मोडतात, त्यामुळे त्यांच्या तुरीला ते शुल्क लागलेच नाही. शुल्क १० टक्के ठेवा की ३० टक्के, आफ्रिकेतून येणाऱ्या गोणीवर त्याचा परिणाम जवळपास शून्य, हे दिल्लीतील अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक असणार. तरी शुल्क लावल्याच्या बातमीने दोन दिवस समाधान होते आणि मोर्चे थांबतात. खरे बंधन घालायचे तर टनांची मर्यादाच घालावी लागते, आणि ती घालताना समोरच्या देशाच्या राजदूताला उत्तर द्यावे लागते. म्हणून तुरीची आयात हा कागदावर कृषीचा किंवा ग्राहक व्यवहाराचा विषय दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो परराष्ट्र धोरणाचा भाग झालेला आहे.

२०१७ च्या त्या मर्यादेने पलीकडच्या किनाऱ्यावर काय झाले, हेही आपण समजून घेतले पाहिजे. मोझांबिकच्या झांबेझिया आणि नाम्पुला प्रांतांतील, मलावीतील आणि दक्षिण टांझानियातील तूर उत्पादक आपल्यासारखाच अल्पभूधारक, कोरडवाहू, मक्यात तुरीच्या ओळी घालणारा. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. ती बहुतांश भारतासाठीच पिकते. तिकडची काढणी साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे आपली अधिसूचना निघाली तेव्हा त्यांचे पीक हाताशी आलेले होते. भाव कोसळले. ज्यांच्याशी करार नव्हता त्या टांझानिया आणि मलावीच्या शेतकऱ्यांचे तर अधिकच हाल झाले. भारताने पाठीशी उभे राहण्याची भाषा करायची, आपल्या भरवशावर पेरायला लावायचे आणि पीक उभे असताना दार लावायचे, हे त्यांच्या दृष्टीने विश्वासघातापेक्षा कमी नव्हते. म्हणजे एकाच धोरणाने आधी औशाचा शेतकरी बुडाला, मग झांबेझियाचा, आणि मधल्या काळात ज्याच्याकडे गोदाम आणि भांडवल होते त्याचे मात्र दोन्ही वेळेला साधले.

आयातीचे दुसरे अंग लातूरच्या कोणत्याही डाळमिलमध्ये पाहायला मिळते. तेथे परदेशी तुरीला देशाच्या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. म्यानमारची ती ‘लेमन’, टांझानियाची ‘अरुषा’ आणि ‘मातवारा’, मोझांबिकची ‘गजरी’ आणि ‘सफेद’. आडत्या दोन मुठी तळहातावर पसरतो, अंगठ्याने दाणे फिरवतो आणि कोणता माल कशात मिसळला आहे ते सांगतो. आपली बदनापूरच्या (जि. जालना) संशोधन केंद्राच्या वाणांची तूर दाण्याला भरलेली, डाळीचा उतारा चांगला; पण ती जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांतच भरपूर येते. पावसाळ्यानंतर मिलला कच्चा माल लागतोच, तेल-पाणी देऊन वाळवणाऱ्या बायांची आणि हमालांची रोजी त्यावर असते, आणि आफ्रिकेचा माल नेमका सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये बंदराला लागतो. निसर्गाने हे वेळापत्रक दोन्हीकडच्या सोयीचेच केले आहे. देशाची गरज सुमारे ४५ लाख टन आणि उत्पादन ३५ लाखांच्या आसपास, हे पाहता आयात समूळ बंद करा म्हणणे म्हणजे २०१५ ची २०० रुपयांची डाळ पुन्हा मागून घेणे होय. प्रश्न उरतो तो डिसेंबरनंतरही गोदामांत पडून राहिलेल्या आणि आपल्या सुगीत बाहेर निघणाऱ्या मालाचा.

मग दिल्ली या विषयात इतकी जपून का वागते? किनारा नसलेल्या मराठवाड्याला समुद्राचे राजकारण दूरचे वाटते खरे. पण धाराशिव जिल्ह्यातील तेरचे कापड इसवी सनाच्या पहिल्या शतकात बैलगाड्यांनी गुजरातेतील भडोच बंदराला जाऊन जहाजात चढत होते, आणि ज्या खडकीचे पुढे छत्रपती संभाजीनगर झाले ती वसवणारा मलिक अंबर समुद्र ओलांडून इथिओपियातून आलेला होता. आजचे हितसंबंध अर्थातच वेगळे आहेत. मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांताच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले आहेत, आणि त्यातील एका मोठ्या प्रकल्पात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. मार्च २०२१ मध्ये सशस्त्र गटांनी त्या प्रांतातील पाल्मा शहरावर हल्ला केला, त्यानंतर प्रकल्प थांबला आणि आपला पैसा तेथे अडकून पडला. मोझांबिक आणि मादागास्कर यांच्यामधली सामुद्रधुनी हा जुना जलमार्ग आहे, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू होऊन जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागल्यापासून तिचे महत्त्व आणखी वाढले. पलीकडे जिबुतीत चीनचा नाविक तळ २०१७ पासून उभा आहे.

अशा ठिकाणी आपले आरमार कोणाच्या भरवशावर वावरणार? २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा शहराची वाताहत केली तेव्हा आयएनएस सुजाता, आयएनएस शार्दूल आणि तटरक्षक दलाचे सारथी ही भारतीय जहाजे सर्वांत आधी मदतीला पोहोचली. त्याच वर्षी आपण मोझांबिकला किनाऱ्यावरील गस्तीसाठी दोन वेगवान नौका दिल्या आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये आणखी दोन, सोबत ५०० टन धान्य. एप्रिल २०२५ मध्ये दार-ए-सलाम येथे टांझानियाच्या सहकार्याने आफ्रिकी देशांच्या आरमारांबरोबर संयुक्त सराव झाला. हे सारे योग्यच आहे. जो देश आपली जहाजे बंदरात घेतो, त्याच्या शेतकऱ्याची तूर आपण एका रात्रीत नाकारू शकत नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ.

चीनची पद्धत वेगळी आहे. मापुतोच्या खाडीवर आफ्रिकेतील सर्वांत लांब झुलता पूल २०१८ मध्ये खुला झाला, तो चिनी कर्जातून. आपल्याकडे तेवढा पैसा नाही. २०१५ च्या दिल्लीतील शिखर परिषदेत आपणही आफ्रिकेसाठी पाच वर्षांत १० अब्ज डॉलरचे सवलतीचे कर्ज आणि ६० कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले होते, १९६४ पासून आपण या देशांच्या अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना प्रशिक्षण देत आलो आहोत. तरी आपल्या हातात खरी मोलाची देण्यासारखी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे आपला बाजार. पूल राजधानीत उभा राहतो. तुरीचा पैसा मात्र खेड्यातल्या घरात जातो. या दृष्टीने तूरखरेदी ही आपण आफ्रिकेला करत असलेली सर्वांत चांगली मदत आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझी तक्रार आहे ती ही मदत कोणाच्या खिशातून जाते, याविषयी.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात परराष्ट्र खात्याने आफ्रिकी देशांना मदत म्हणून २२५ कोटी रुपये ठेवले होते. सवलतीच्या कर्जाचा हिशेब वेगळा, तो येथे धरत नाही. आता मोंढ्याचा हिशेब पाहा. महाराष्ट्रात तूर साधारण १० लाख टनांच्या आसपास पिकते, म्हणजे १ कोटी क्विंटल. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव ७,५५० रुपये असताना सौदे त्याखाली होत होते, आणि नेमक्या त्याच जानेवारीत, नवी तूर बाजारात येत असताना, शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. क्विंटलमागे सरासरी ३०० रुपये कमी मिळाले असे धरले तर एकट्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे ३०० कोटी गेले. भाव केवळ आयातीमुळे पडत नाही, हे मला मान्य आहे. त्यातला निम्माच वाटा आयातीचा धरला तरी दीडशे कोटी होतात. म्हणजे संपूर्ण आफ्रिका खंडाला देशाच्या तिजोरीतून जेवढे अनुदान जाते, त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका राज्यातील कोरडवाहू शेतकरी एका हंगामात देऊन बसतो, आणि त्याची पावती कोठे फाटत नाही. शेजारी कर्नाटकाने त्या हंगामात हमीभावावर ४५० रुपयांचा बोनस दिला; सीमेच्या अलीकडे आम्ही नुसत्या हमीभावाची वाट पाहत ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि १२ टक्के ओलावा यांच्या फेऱ्यांत होतो.

आयातीची ही बाजू झाली. निर्यातीतही हेच घडते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा वैजापूर-लासूरकडील शेतकऱ्याला सांगण्यात आले की देशातल्या ग्राहकासाठी हे आवश्यक आहे. पण बंदी चालू असतानाच बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा मित्रदेशांसाठी मिळून ९९,१५० टन कांद्याला सरकारने परवानगी दिली, आणि तीही सरकारने नेमलेल्या संस्थेमार्फत. शेतकऱ्याला जो माल स्वतःहून परदेशात विकता येत नव्हता, तोच माल राजनैतिक सद्भावनेचे साधन म्हणून जहाजात चढत होता. मालदीवशी संबंध बिघडलेले असतानाही आपण त्याला साखर-तांदळाचा कोटा मंजूर केला; शहाणपणाचे पाऊल, मला ते आवडले. पण सद्भावना देशाची असेल तर तिची किंमतही देशाने द्यावी.

अन्न आणि परराष्ट्र धोरण यांची सांगड कशी घातली जाते, याचा दुसऱ्या टोकाचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. १९६५ ते १९६७ च्या टंचाईत अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारताला गहू देत होते, पण एकदम नव्हे. महिन्या-दोन महिन्यांपुरता तोलून, शेती आणि अर्थव्यवस्थेच्या अटी घालून, आणि व्हिएतनामवरील आपल्या टीकेचा राग मनात ठेवून. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, त्यामागेही पाश्चात्त्य मदतीचा दबाव होता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली पिढी मराठवाड्यात अजून आहे. परक्याच्या धान्यावर जगण्याचे दिवस काय असतात ते तिला विचारावे. पुरवठा कधी सुरू होईल आणि कधी बंद, हे दुसऱ्याच्या मर्जीवर असणे हा त्यातला खरा जाच होता. आज आफ्रिकेच्या शेतकऱ्याच्या बाबतीत मर्जी आपली आहे, आणि ती आपण अधिसूचनांच्या मुदती वाढवत-आवळत तशीच लहरीने वापरतो.

मर्जी नेहमी घेणाऱ्याचीच चालते असेही नाही. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या बंदरांत तेथील निर्यातदारांचे वाद आणि परवान्यांची अडवणूक यामुळे तुरीचा माल अडकला, आपल्याकडे दर आधीच चढलेले होते आणि भारत सरकारला तेथील सरकारकडे शब्द टाकावा लागला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमधील निवडणुकीनंतर तेथे दंगली झाल्या. एका देशावर डाळीसाठी विसंबण्यात काय जोखीम आहे ते या दोन प्रसंगांनी दाखवले.

म्हणून नव्या करारांविषयी माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. करारांतील तुरीची बेरीज साडेतीन लाख टन आहे. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तूर आयात सुमारे १२ लाख टन झाली. भाव पाडणारे मुख्य कारण आपण दिलेला शब्द नसून त्याच्या पलीकडे १५ मे २०२१ पासून मर्यादा उठवून सताड उघडे ठेवलेले दार आहे. शब्द पाळावा, किंबहुना टांझानियालाही असा करार देऊन त्यात घ्यावे. परंतु करारातली ही तूर नाफेडसारख्या संस्थेने स्वतः घेऊन सरकारी साठ्यात ठेवावी आणि मोंढ्यातला भाव हमीभावाखाली असेपर्यंत ती बाहेर काढू नये. साठवणीचा, व्याजाचा आणि घटीचा जो खर्च होईल तो अंदाजपत्रकात ‘मित्रदेशांना मदत’ या शीर्षकाखाली लिहावा. तो किती आहे ते संसदेला कळू द्या, आणि परवडत नसेल तर तसे सांगा. कराराबाहेरच्या आयातीला किती टनांची मुभा द्यायची, हे मात्र मृग निघण्याआधी जाहीर झाले पाहिजे, आणि तो निर्णय सलग दोन हंगामांसाठी असला पाहिजे. कारण आपली पेरणी जून-जुलैत होते तर तिकडची नोव्हेंबरच्या पुढे, आणि दोघांनाही पेरण्यापूर्वी कळण्याचा हक्क आहे. जहाज नोव्हेंबरअखेर बंदराला लागले पाहिजे, ही अट घातली तर आफ्रिकेच्या मालाचे फारसे नुकसान होत नाही, कारण त्यांचा माल तोवर तयार असतोच. नुकसान होईल ते मुख्यतः माल दाबून ठेवणाऱ्याचे.

डाळींत आत्मनिर्भरता आल्यावर या करारांचे काय होणार, याचा उल्लेख सरकारी पत्रकांत मला आढळला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटी रुपयांचे अभियान सुरू केले, त्याचे लक्ष्य २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन डाळींचे उत्पादन हे आहे, आणि तूर, उडीद, मसूर यांची नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षे पूर्ण खरेदी करण्याची ग्वाही त्यात आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने आणि नंतरच्या धुईने गेलेल्या तुरीनंतर अशी ग्वाही आम्हाला हवीच आहे. पण एका हाताने आत्मनिर्भरतेची तारीख लिहायची आणि दुसऱ्या हाताने मोझांबिकशी वाढीव टनांचा करार करायचा, हे दोन्ही एकाच वेळी खरे होणार नाही. तूर पुरेशी पिकू लागली तर झांबेझियातल्या त्या शेतकऱ्याला २०१७ सारखेच एका सकाळी कळणार का? हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने विकसित केलेले तुरीचे वाण पूर्व आफ्रिकेत पेरले जातात. बियाण्याची, प्रशिक्षणाची आणि डाळमिल उभारण्याची मदत आपण देऊ शकतो, म्हणजे तो देश कच्ची तूर एकाच गिऱ्हाइकाला विकण्याऐवजी डाळ करून आखाती देशांना आणि युरोपलाही विकू शकेल. लातूरच्या काही मिलवाल्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. नव्या करारातील टनांचा आकडा २०३०-३१ कडे जाताना कसा कमी होत जाईल, हे त्यात वर्षवार लिहिलेले असावे, म्हणजे उतरण दोघांनाही आधीच दिसेल.

हे करार आजवर मंत्रिमंडळाच्या मंजुरीने आणि पत्रकाच्या दोन परिच्छेदांत उरकले गेले. लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर येथील खासदारांनी, पक्ष कोणताही असो, नव्या कराराचा मसुदा संसदेच्या पटलावर ठेवण्याचा आग्रह धरावा. निदान कृषी आणि परराष्ट्र व्यवहार या दोन्ही स्थायी समित्यांसमोर तो यावा, आणि त्या बैठकीत अधिकाऱ्यांखेरीज लातूरच्या आडत बाजारातील एक माणूस आणि एक तूर उत्पादक यांचेही म्हणणे ऐकले जावे.

आपला विश्वासू,
एक तूर उत्पादक वाचक,
ता. औसा, जि. लातूर